शाळूच्या पिठाचा कॉब्लर

सेलम, ओरेगन
जुलै

ती. अक्कास,
साष्टांग नमस्कार.

फोनवर तू म्हणालीस, "कॉब्लरचे नुसते फोटो टाकू नकोस, सगळं नीट लिहून पाठव, कागद ओट्यासमोर चिकटवते." म्हणून हे पत्र. पण कृतीच्या आधी एक विनंती. भिशीसाठी त्या ब्लूबेरीच्या चिमुकल्या डब्या विकत आणू नकोस. परदेशातून आलेलं ते फळ तोडून कितीतरी दिवस झालेले असतात, एका डबीत मूठभर भरतं, आणि एका कॉब्लरला पाऊण किलो फळ लागतं. ज्या फळाचा सध्या मंडईत सुकाळ असेल, जे उद्यापर्यंत टिकणार नाही म्हणून विक्रेता स्वस्तात द्यायला तयार असेल, त्याचाच हा पदार्थ करायचा. इथेही तो असाच होतो.

आधी कॉब्लर म्हणजे आहे काय ते सांगतो. खोलगट भांड्यात तळाला फळं, साखर आणि थोडं कॉर्नफ्लोअर. वर मऊसर पिठाचे गोळे अंतराअंतराने सोडायचे आणि ओव्हनमध्ये भाजायचं. खालचं फळ उकळून दाट होतं, वरचं पीठ फुगून खरपूस होतं, आणि गोळ्यांमधल्या फटींतून रस वर येतो. लाटायचं काही नाही, साचा नाही, नक्षी नाही. ॲपल पायसारखी खाली पारी नाही. अंडंही नाही, तेव्हा आईला चातुर्मासातसुद्धा निर्धास्त वाढ.

आमच्या गावाबाहेर मॅरियनबेरीचे मळे आहेत. ही ब्लॅकबेरीचीच एक जात. कॉर्व्हॅलिसला ओरेगन राज्य विद्यापीठाबरोबर काम करणाऱ्या सरकारी संशोधकांनी चेहेलम आणि ओलाली अशा दोन वाणांचा संकर करून ती तयार केली, आमच्या मॅरियन जिल्ह्यात लावून पारखली आणि १९५६ साली शेतकऱ्यांच्या हाती दिली. अण्णांना हे मुद्दाम वाचून दाखव. केगावच्या डाळिंब संशोधन केंद्रात ते कसे वही घेऊन बसायचे! इथल्या शेतकऱ्याशी बोलताना मला त्यांचीच आठवण येते. कुठल्या वेलीला पाणी जास्त झालं, कुठली फांदी यंदा फळली आणि आता काढून टाकायची, हे तोही असंच तासभर सांगतो. या वेलींचं एक आहे, फांदी पहिल्या वर्षी नुसती वाढते, दुसऱ्या वर्षी फळते आणि मरते. म्हणून यंदाच्या फळलेल्या फांद्या कापायच्या आणि शेजारच्या कोवळ्या फांद्या तारेवर बांधून घ्यायच्या, असं दरवर्षी चालतं.

जुलैत या मळ्यांत स्वतः जाऊन फळं तोडता येतात. बादली घेऊन आत शिरायचं, बाहेर पडताना वजन करून पैसे द्यायचे. आपल्याकडे जुलै म्हणजे पावसाकडे डोळे लावून बसायचे दिवस. इथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि जुलैत आभाळ स्वच्छ असतं, रात्री नऊ वाजेपर्यंत उजेड. बेरीला हे मानवतं, कारण पिकलेलं फळ पावसात भिजलं की लगेच बुरशी धरतं.

तोडायची कशी, हे मला शेजारच्या आजींनी शिकवलं. त्यांचं माहेर शेतकऱ्याचं. नवखा माणूस चकाकणारी काळी बेरी आधी तोडतो. आजी म्हणाल्या, ती नको, अजून आंबट आहे. जिची चकाकी गेली आहे, जी जराशी मळकट काळी दिसते, ती पिकलेली. बोट लावलं की ती स्वतःहून हातात यायला हवी, ओढावी लागली तर सोडून द्यायची. तोडलेल्या बेरीच्या पोटात पांढरा दांडा तसाच राहतो. रास्पबेरीचा तो झाडालाच राहतो आणि फळ आतून पोकळ निघतं. मॅरियनबेरी इतकी नाजूक की बादलीत चार बोटांपेक्षा जास्त थर झाला तर खालची फळं चिरडतात. म्हणूनच ती ताजी दूरवर जात नाही. बहुतेक पीक गोठवलं जातं किंवा त्याचा जॅम होतो. ताजी खायची तर इथेच, या काही आठवड्यांतच.

या आजींच्या घरी त्यांच्या आजीच्या वेळचं बिडाचं झाकणाचं भांडं आहे, तीन बुटक्या पायांचं, झाकणाला वर काठ. १८४०च्या दशकापासून हजारो कुटुंबं पूर्वेच्या मिसुरीकडून ओरेगनच्या या खोऱ्यात बैलगाड्या घेऊन आली, तीन हजार किलोमीटरहून लांबची वाट. वाटेत ओव्हन कुठला? अशा भांड्यात वाळवलेली किंवा रानात मिळालेली फळं घालायची, वर पीठ सोडायचं, खाली थोडे आणि झाकणावर जास्त निखारे ठेवायचे. झाकणाचा काठ त्यासाठीच, निखारे घसरू नयेत म्हणून. अक्का, मोहोळच्या मामींकडे चूल आहे आणि बिडाचं भांडंही असणार. त्यांना ओव्हनची काहीच गरज नाही. फक्त एवढं सांग, निखारे वरच जास्त हवेत. खाली जास्त ठेवले तर साखर तळाला करपते आणि वरचं पीठ पांढरंच राहतं.

आता तुझ्या ओटीजीत, म्हणजे त्या विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये, कसं करायचं ते.

फळ पाऊण किलो. त्याला साखर १०० ग्रॅम, म्हणजे साधारण अर्धा कप. फळ आंबट असेल तर थोडी वाढव, पण चाखल्याशिवाय नको. कॉर्नफ्लोअर दोन मोठे चमचे, अर्ध्या लिंबाचा रस, चिमूटभर मीठ. कॉर्नफ्लोअर आधी कोरड्या साखरेत मिसळून घे आणि मगच फळाला लाव, नाहीतर गुठळ्या होतात. सगळं हलक्या हाताने कालवून काचेच्या खोलगट भांड्यात पसर. भांडं काठोकाठ भरू नकोस, दोन बोटं जागा सोड. रस उतू जातो, तेव्हा खाली एक ताटही ठेव.

आता मुख्य गोष्ट. हे नुसतं फळ १९० अंशांवर पंधरा मिनिटं आधी ओव्हनमध्ये ठेवायचं, पीठ नंतर. गार फळावर पीठ सोडलं तर वरून ते छान तांबूस होतं आणि चमचा घातला की खालच्या बाजूला कच्चं, चिकट निघतं. फळ गरम असलं की गोळ्याला खालूनही वाफ लागते आणि तो दोन्हीकडून शिजतो.

फळ आत असताना पीठ कर. मैदा सव्वा कप, शाळूचं, म्हणजे ज्वारीचं, पीठ पाव कपाला थोडं जास्त, साखर तीन मोठे चमचे, बेकिंग पावडर दीड छोटा चमचा, खाण्याचा सोडा पाव छोटा चमचा, मीठ तेवढंच (खारं बटर असेल तर मीठ घालूच नकोस). त्यात ८५ ग्रॅम बटर. बटर अगदी गार हवं. सोलापूरच्या हवेत ते बाहेर काढताच मऊ पडतं, म्हणून तासभर फ्रीझरमध्ये ठेव आणि थेट पिठात किसून टाक. मग बोटांच्या टोकांनी फक्त फिरव, तळहाताने चोळू नकोस. नानकटाईला आपण तूप फेसून एकजीव करतो, इथे बटराचे बारीक कण दिसायला हवेत. ओव्हनमध्ये ते कण वितळतात, त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि पीठ पापुद्र्यांनी उचललं जातं. बटर आधीच वितळलं तर गोळे दडदडीत होतात.

शेवटी अर्धा कप गार ताक, घट्ट, जरा आंबट. ताकाच्या आंबटपणाने सोडा कामाला लागतो. ओतल्यावर चमच्याने जेमतेम एकत्र कर. कोरडं पीठ दिसेनासं झालं की थांब, मळलंस की चिवट होणार. हे पीठ थापण्याजोगं नसतं, ओलसर आणि खडबडीत असतं. फळाचं भांडं बाहेर काढ, पिठाचे लिंबाएवढे गोळे मध्ये फटी ठेवून सोड, वर थोडी जाड साखर भुरभुरव आणि पुन्हा आत, तीस-पस्तीस मिनिटं. दोन्ही कॉइल चालू हव्यात. पंखा असेल तर १७५ पुरे.

झालं हे घड्याळावरून ठरवू नकोस, रसाकडे बघ. आधी कडेने पातळ, भराभर फुटणारे बुडबुडे येतात. तेव्हा काढायचं नाही. मग बुडबुडे मध्यावर येतात, मोठे, सावकाश, आणि फुटले की जागेवर क्षणभर खळगा राहतो. मध्यावरचा रस असा खदखदला की समज कॉर्नफ्लोअर पूर्ण शिजलं. त्याआधी काढलं तर रस पातळ राहतो आणि तोंडात कच्च्या पिठाची चव येते. वरचा रंग आधीच गडद व्हायला लागला तर ॲल्युमिनियमचा कागद सैल झाक.

काढल्यावर अर्धा तास हात लावू द्यायचा नाही. मुलं गराडा घालतील, तरी नाही. निवताना रस आळतो, गरम असताना वाढलं तर सगळं पाणी-पाणी होतं. वर व्हॅनिला आइस्क्रीम घालतात, पण मला तुझ्याकडची दुधाची घट्ट साय त्याहून आवडेल, अगदी थोडी साखर घातलेली. उरलं तर तुमच्या हवेत बाहेर ठेवू नकोस, फ्रिजमध्ये ठेव, आणि दुसऱ्या दिवशी ओव्हनमध्येच गरम कर. मायक्रोवेव्हमध्ये वरचा खरपूसपणा जातो.

आता फळांचं. या दिवसांत लक्ष्मी मंडईत आलुबुखार येतात ना, हिमाचलचे? माझ्या मते सोलापुरात कॉब्लरसाठी त्याच्याइतकं योग्य फळ दुसरं नाही. रसाळ, आंबटगोड, आणि साल तशीच ठेवली की सगळा रस लाल होतो. बी काढून एकेकाच्या आठ फोडी कर, सोलू नकोस. त्यात मूठ-दोन मूठ जांभळाचा गर मिसळ. जांभळं थोड्या पाण्यात पाच मिनिटं उकडून चाळणीवर चोळली की बिया वेगळ्या होतात. एकट्या जांभळाचा नको, तुरटपणा फार होतो, पण आलुबुखारात त्याचा रंग आणि वास फार चांगला उतरतो. जांभळाच्या पाण्यामुळे कॉर्नफ्लोअर अर्धा चमचा वाढव.

उन्हाळ्यात करायचा तर डोंगराळ भागातून येणारी करवंदं घे, चांगली काळी पिकलेली, आणि निम्मा आंबा घाल. थंडीत महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी येते, तिला पाणी फार सुटतं, म्हणून कॉर्नफ्लोअर तीन मोठे चमचे. गड्ड्याच्या यात्रेत बोरं कितीही गोड मिळाली तरी त्यांचा करू नकोस, त्यांना रसच नाही. आणि अण्णा आग्रह करतील, पण डाळिंबाचाही नको. दाण्यांतला रस निघून जातो आणि तोंडात नुसत्या बिया राहतात. डाळिंब तसंच सोलून खावं, त्याला भट्टी दाखवू नये.

शाळूच्या पिठाबद्दल तू नक्की विचारशील. तू दिलेलं मंगळवेढ्याचं पीठ मी फ्रीझरमध्ये जपून ठेवलंय. ज्वारीला मैद्याची चिकटाई नाही. भाकरी थापताना तीच आपली अडचण, म्हणून आपण गरम पाणी घालतो. इथे तोच तिचा गुण. गोळा चिवट होत नाही, वरून कुरकुरीत आणि आतून रवाळ होतो, आणि भाजताना घरभर भाकरीचा वास सुटतो. तीन-चार भाग मैद्याला एक भाग शाळू ठेव. निम्म्याच्या वर गेलीस तर गोळे रसात विस्कटतील. शेजारच्या आजींनी खाल्ल्यावर विचारलं, यात मक्याचं पीठ आहे का? मी त्यांना ज्वारीचं सांगितलं, आपल्या काळ्या जमिनीत रब्बीत नुसत्या ओलीवर येणारं पीक, मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, हेही सांगितलं. त्यांनी एक वाटी पीठ मागून नेलं. अक्का, मला किती बरं वाटलं म्हणून सांगू!

भिशीच्या बायकांना दे, पण त्याआधी एकदा घरच्यांसाठी कर, म्हणजे तुझ्या ओटीजीची आच कळेल. सगळ्या ओव्हनचे आकडे खरे नसतात. कसं झालं ते फोनवर सांग. रस मध्यावर खदखदायला किती वेळ लागला आणि खालची बाजू शिजली का, एवढं मला हवंय.

चिनूचा अकरावीचा प्रवेश कुठे झाला? तिला म्हणावं, मामाला एक ओळ तरी लिही. अण्णांचा गुडघा दुखतोय तर त्यांना बागेत एकट्याने जाऊ देऊ नकोस, दाजींना सोबत पाठव. पुढच्या महिन्यात ओळखीतले एकजण पुण्याहून इकडे येताहेत. त्यांच्याकडे शेंगाची चटणी अर्धा किलो दे, उखळात कुटलेली, लसूण जरा जास्त. कडक भाकरी दिलीस तर डब्यात घट्ट भर, गेल्या वेळी फार चुरा झाला होता. आणि शाळूचं पीठ, जेवढं नेतील तेवढं. आता दोन घरांना लागणार आहे.

आई-अण्णांना नमस्कार, दाजींना नमस्कार, मुलांना अनेक आशीर्वाद.

तुझा,
बाळू