कूलर काढताना आणि मोहफुले वेचताना

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

होळी झाली की ‘कूलरमध्ये साप निघाला’ आणि ‘मोहफुले वेचताना अस्वलाचा हल्ला’ या बातम्या नागपुरात दरवर्षी ठरलेल्या. सोबत फणा काढलेल्या नागाचा फोटो आणि साप पकडणाऱ्याचे नाव. वाचकाने स्वतःचा कूलर कसा उघडावा, यावर मात्र एक ओळ नसते.

पावसाळ्यात बंद झालेला कूलर मार्चपर्यंत गच्चीवर नाहीतर जिन्याखाली पडून असतो. कूलरच्या जाळीतल्या जुन्या ताट्यांच्या (गवताच्या पॅडच्या) भुशात उंदीर आणि पाली मुक्काम ठोकतात आणि त्यांच्या मागावर साप येतो. घात होतो तो जाळी काढताना. मागची जाळी वर उचलून खालच्या खाचेतून ओढावी लागते आणि नेमकी तिथेच न बघता बोटे घातली जातात. म्हणून हे काम संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर करू नये. सकाळच्या उजेडात, पायात बूट घालून, आधी प्लग काढून करावे (कूलरचा शॉक हा सापाइतकाच जुना शत्रू आहे). कूलर काठीने चारही बाजूंनी ठोकून काही वेळ बाजूला थांबावे. सापाला हादरे कळतात, वाट मिळाली तर तो निघून जातो. मग जाळी हाताने न ओढता लांब आकड्याने काढावी, जुना भुसा काठीने खाली पाडावा आणि पंपामागचा कोपरा टॉर्चने पाहावा. खिडकीतल्या कूलरभोवतीची फट प्लायने बुजवावी, पाणी सोडण्याच्या छिद्राला बारीक जाळी लावावी. थर्माकोल लावू नका, उंदीर तो कुरतडतात.

कूलरमध्ये सापडणारा साप बहुधा बिनविषारी असतो. तस्कर असतो किंवा पालींसाठी भिंतीवर चढणारा कवड्या. पण कवड्या आणि विषारी मण्यार यांत भल्याभल्यांची गल्लत होते. कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचे उलट असते, तिच्या मानेकडचा भाग बऱ्याचदा कोराच दिसतो. हे फोटो पाहून ठरवायचे, जवळ जाऊन नव्हे. साप दिसला की सहा-आठ फुटांवरून एकाने नजर ठेवावी, खोलीच्या दाराखाली टॉवेल कोंबावा आणि वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करावा. फिनाइल, रॉकेल किंवा कार्बोलिक ॲसिड ओतल्याने साप पळत नाही. अंग भाजल्यावर तो बिथरतो आणि कुठे शिरेल याचा नेम राहत नाही.

मण्यारीबद्दल मुद्दाम लिहितो. उन्हाळ्यात अर्धे नागपूर गच्चीवर किंवा जमिनीवर झोपते. मण्यार रात्री फिरते आणि झोपेतल्या माणसाला चावते. सूज नाही, आग नाही, खूणही धड दिसत नाही. पहाटे पोट दुखते, उलटी होते. घरचे ॲसिडिटीची गोळी देतात. नंतर पापण्या जड होतात, बोलणे अडखळते, आणि तोवर मौल्यवान तास गेलेले असतात. जमिनीवर झोपणाऱ्याने मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचल्या, तरी हा धोका पुष्कळ कमी होतो.

दंश झाल्यावर अंगठी, बांगड्या, घड्याळ काढावे. हात किंवा पाय मोडल्यावर बांधतात तशी फळी बांधून तो स्थिर ठेवावा, 108 ला फोन करावा आणि थेट मेडिकल, मेयो (नागपुरातली सरकारी रुग्णालये) किंवा जवळचे ग्रामीण रुग्णालय गाठावे. करकचून दोरी बांधणे, चिरा देणे, जडीबुटी यांत फक्त वेळ जातो. साप मारून सोबत न्यायचीही गरज नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर प्रतिविष एकच आहे. घोणसीच्या विषाने रक्त गोठेनासे होते. ते तपासायला थोडे रक्त कोरड्या काचेच्या नळीत वीस मिनिटे न हलवता ठेवतात.

आता अस्वल. नागपूर जिल्ह्यातल्या देवलापार, पारशिवनीकडे मोह पहाटे गळतो आणि अस्वलही त्याच वेळी त्याच झाडाखाली येते. नाक तल्लख, नजर कमजोर. खाली मान घालून खाताना माणूस अगदी जवळ आला तरी त्याला कळत नाही, आणि कळले की ते दचकून अंगावर येते. थंडीत जन्मलेली पिल्ले या दिवसांत आईच्या पाठीवर असतात, ती मादी सर्वांत धोकादायक. म्हणून फटफटल्याशिवाय झाडाखाली जाऊ नये. चार-पाच जणांनी बोलत, खोडावर काठी आपटत जावे. एकाने फुले न वेचता नाल्याच्या बाजूला लक्ष ठेवावे. कुत्रा नेऊ नये. तो अस्वलावर भुंकतो आणि घाबरून त्याला मालकापर्यंत घेऊन येतो. फुले दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवणेही थांबायला हवे, कारण वणवे तिथूनच लागतात. झाडून घ्यावे किंवा जाळी अंथरावी.

समोरासमोर आलेच तर पळू नये, हळूहळू मागे सरकावे. अंगावर आले तर पालथे पडून दोन्ही हातांनी मान झाकावी, कारण ते तोंड आणि डोके फाडते. जखमेवर स्वच्छ कापड दाबून धरावे, आणि टाके घालण्याच्या गडबडीत रेबीजची लस राहून जाऊ देऊ नये. अस्वलाच्या चाव्यालाही ती लागते, हे दवाखान्यात नातेवाइकांनीच विचारावे.

— एक सर्पमित्र, मानेवाडा, नागपूर