दोन पेशंटांमधली वीस मिनिटं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दातांच्या दवाखान्यांची तपासणी सुरू झाल्याची बातमी आपल्या अंकात वाचली. योगायोग असा, की अशीच एक तपासणी चालू असताना मी त्या दवाखान्यात हजर होते. दाढेत सुई टोचून झाली होती आणि भूल चढेपर्यंत मला बाहेर बाकावर बसवलं होतं. तोंड बधिर झालं तरी डोळे शाबूत असतात.

मी निवृत्त परिचारिका आहे. ३१ वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची १४ निर्जंतुकीकरण विभागात. तिथं काम केलेल्या माणसाला एक खोड कायमची जडते: कुठल्याही दवाखान्यात गेलं की डॉक्टरांच्या आधी ऑटोक्लेव्ह, म्हणजे हत्यारं वाफेने निर्जंतुक करायचं मशीन, शोधायचा.

तपासणीला दोघेजण आले होते. भिंतीवरचं नोंदणी प्रमाणपत्र पाहिलं, एक्स-रे मशीनचे कागद पाहिले, कचऱ्याचे डबे उघडले, अग्निशामक नळकांड्यावरची तारीख वाचली. ऑटोक्लेव्हपाशी आल्यावर एकाने विचारलं, "चालू आहे ना?" मदतनीस मुलगी म्हणाली, "हो सर." त्यांनी झाकणाला हात लावला, गरम लागलं, फॉर्मवर खूण केली. मला हसू आलं, पण अर्ध्याच तोंडाला.

गरम तर तवाही असतो. ऑटोक्लेव्हमध्ये दाबाखालची वाफ १२१ अंशांवर १५ मिनिटं किंवा १३४ अंशांवर किमान ३ मिनिटं हत्याराच्या कानाकोपऱ्यात पोचली, तरच काम झालं म्हणायचं. हत्यारं ज्या पाकिटात घालतात, त्यावरच्या पट्टीचा रंग बदलला याचा अर्थ पाकीट मशीनमध्ये जाऊन आलं, एवढाच. जंतू मेले का, याची खरी परीक्षा म्हणजे स्पोअर टेस्ट. जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस नावाच्या, उष्णतेला सहजी दाद न देणाऱ्या जीवाणूचे बीजाणू असलेली कुपी हत्यारांसोबत आत ठेवायची आणि नंतर उबवून पाहायची. ते जगले तर मशीन नापास. अमेरिकेतली सीडीसी ही सरकारी रोगनियंत्रण संस्था ही परीक्षा निदान आठवड्यातून एकदा करायला सांगते. तिची नोंदवही कुठे असते, हे त्या दोघांनी विचारलंच नाही. मी नंतर विचारलं, तर मुलगी म्हणाली, "कंपनीचा माणूस आला की बघतो."

आता हँडपीस. ज्याला आपण "मशीन लावलं" म्हणतो, ते दात कोरायचं हत्यार. आत बारीक टर्बाइन, मिनिटाला तीन-चार लाख फेरे. ते थांबताना तोंडातली लाळ, रक्त थोडं आत ओढू शकतं. म्हणजे घाण नळीच्या पोटात, आणि स्पिरिटचा बोळा फिरतो पाठीवरून! दोन पेशंटांच्या मध्ये हँडपीस वाफेतूनच निघायला हवा. तोही कुठल्याही वाफेतून नाही. साधा एन वर्गाचा ऑटोक्लेव्ह पाकिटात न घातलेल्या, भरीव हत्यारांसाठी असतो. पोकळ हत्यारातली हवा आधी खेचून काढावी लागते, त्यासाठी बी वर्गाचं मशीन हवं. आपल्याकडे कुठल्या वर्गाचं आहे, हे त्या मुलीला माहीत नव्हतं. तिचा दोष नाही, तिला कुणी सांगितलंच नसणार.

बाकावर बसल्या बसल्या मी हिशेब मांडला. खुर्च्या दोन, दर वीस मिनिटांनी नवा पेशंट, म्हणजे तासाला सहा. हँडपीस धुणं, तेल देणं, पाकिटात भरणं, मशीनचा फेरा, वाळणं, निवणं, सगळं धरून तास कुठेच गेला नाही. प्रत्येकाला हँडपीस लागतोच असं नाही, हे मान्य. तरी पाच-सहा तरी हवेत. दवाखान्यात होते तीन. उरलेल्या पेशंटांच्या वेळी काय होतं ते मी दारातून पाहिलं: स्पिरिटचा बोळा.

हे सगळं डॉक्टरांना तोंडावर बोलले. माणूस चांगला, हात हलका, माझी दाढ त्यांनी वाचवली आहे. हसून म्हणाले, "सिस्टर, तुमच्यासारखे आणखी दोन पेशंट आले तर मला दवाखाना बंद करावा लागेल." मी म्हटलं, बंद कशाला, आणखी तीन हँडपीस आणा.

पाण्याचं नाव तर तपासणीत निघालंच नाही. खुर्चीच्या बारीक नळ्यांत रात्रभर पाणी साचतं, आतून जंतूंचा बुळबुळीत थर धरतो. प्रत्येक पेशंटनंतर २०–३० सेकंद पाणी सोडून द्यायचं असतं, नळ्यांना ठरल्या वेळी औषध द्यायचं असतं. २०११ साली इटलीत ८२ वर्षांच्या एक बाई लिजनेअर्स आजाराने, म्हणजे पाण्यात वाढणाऱ्या जंतूमुळे होणाऱ्या न्यूमोनियाने, गेल्या. त्या आधीच्या दिवसांत दाताच्या डॉक्टरांकडे जाण्यापुरत्याच घराबाहेर पडल्या होत्या. जंतू घरच्या पाण्यात सापडला नाही, खुर्चीच्या पाण्यात सापडला. आम्हा म्हाताऱ्यांनी हे लक्षात ठेवावं असं आहे.

इंग्लंडमध्ये तपासणी करणारी सीक्यूसी ही संस्था पाच प्रश्न धरून चालते. उपचार सुरक्षित आहेत का, गुण येतो का, वागणूक आपुलकीची आहे का, पेशंटच्या गरजेप्रमाणे सेवा मिळते का, कारभार नीट चालतो का. आपल्या फॉर्ममध्ये पाचाऐवजी पन्नास रकाने घाला, हरकत नाही. पण तपासणाऱ्याने अर्धा तास खुर्चीशेजारी उभं राहून एक पेशंट उठताना आणि दुसरा बसताना पाहावं. हँडपीस मोजावेत. स्पोअर टेस्टची वही मागावी. पेशंट खुर्चीत अचानक कोसळला तर काय, हे पाहायला मदतनिसाला म्हणावं, "ॲड्रेनालिन आणि ऑक्सिजन आत्ता आणून दाखव," आणि घड्याळ पाहावं. पेशंटला रक्त पातळ करायची गोळी, मधुमेह, पेनिसिलिनची ॲलर्जी विचारली होती का, हे चार केसपेपर काढून बघावं. (मला विचारलं होतं, सुई टोचून झाल्यावर.) आणि निकाल फाइलला न लावता दारावर लावावा, पेशंटला चष्म्याशिवाय वाचता येईल अशा अक्षरात.

डॉक्टरमंडळी म्हणतील, हा जाच आहे. हँडपीस महाग असतात, बी वर्गाचं मशीन त्याहून महाग, हे मला ठाऊक आहे. मग खर्च बिलात लावा आणि कशाचा ते सांगा. मी तरी कुरकुर न करता देईन.

माझ्या दाढेवर कॅप बसायची आहे, पुढच्या आठवड्यात जायचं आहे. हँडपीसचं पाकीट माझ्यासमोर फोडा, असं आधीच सांगून ठेवलं आहे. मदतनीस मुलीने परवा फोन करून विचारलं, "सिस्टर, ती कुपीवाली टेस्ट कशी करायची, शिकवाल का?" जाताना माझी जुनी वही नेणार आहे.

आपली,
एक निवृत्त परिचारिका