लाल पोशाखातल्या सहाजणी

न्यूयॉर्क

ती. काका आणि ती. सौ. काकू यांस,
सा. न. वि. वि.

काका, अमेरिकेतल्या संगीत नाटकांचा संगीतकार आणि गीतकार स्टीव्हन साँडहाइम याच्या ऐंशीव्या वाढदिवसाला त्याच्या नाटकांतल्या गाण्यांची मैफल झाली, तिच्याबद्दल तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. तिचं चित्रीकरण बघताना इथले रसिक गाणं सुरू व्हायच्या आधीच डोळे का पुसायला लागतात? आणि लगेच एखाद्या कटवरून, म्हणजे कॅमेरा नेमका कुठे बदलला यावरून, तासभर वाद का घालतात? दोन्हींचं कारण एकच आहे, त्यांना मूळ नाटक पाठ असतं. सौभद्रातलं पद कुणी बैठकीत गायला घेतलं की गाणारा साध्या कपड्यांत असला तरी तुमच्या डोळ्यांपुढे अख्खा प्रवेश उभा राहतो, तसंच इथेही होतं.

मैफल १५ आणि १६ मार्च २०१० ला एव्हरी फिशर हॉलमध्ये झाली. वाद्यवृंद न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचा होता आणि संचालन पॉल जेमिनियानी यांचं. साँडहाइमच्या कितीतरी नाटकांचं संगीत-संचालन मुळात त्यांनीच केलेलं, त्यामुळे लय कुठे थांबवायची आणि नटीला श्वास कुठे लागतो, हे त्यांना मुखोद्गत. ऑर्गनवर साथ करताना तुम्ही गाणाऱ्याच्या तोंडाकडे बघत असता ना, ते काम इथे ऐंशी-शंभर वादकांना सोबत घेऊन करायचं असतं.

उत्तरार्धात सहा नट्या लाल पोशाखात रंगमंचावर बसतात. एकेक उठून गाते, बाकीच्या तिथेच बसून ऐकतात. पहिली पॅटी ल्युपोन. ती गाते ‘द लेडीज हू लंच’, १९७० च्या ‘कंपनी’ नाटकातलं. ते गाणं तेव्हा गायलं होतं एलेन स्ट्रिचने, आणि तीच स्ट्रिच, वय ८५, डोक्यावर टोपी घालून चार पावलांवर बसलेली! गाण्यात टोपीवरून एक बोचरी ओळ आहे. ल्युपोन ती ओळ स्ट्रिचकडे वळून म्हणते आणि सभागृहात हशा उसळतो. काकू, गाणं समजलं नाही तरी हा क्षण चुकवू नका. चाळीस वर्षं ज्या बाईच्या नावावर गाणं आहे, तिच्यासमोर ते गायचं, तिची नक्कल करायची नाही आणि तिचा मानही राखायचा, फार अवघड काम आहे. ल्युपोनने ‘कंपनी’तली हीच भूमिका पुढे लंडनला आणि इथे न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर केली आणि २०२२ मध्ये तिला टोनी हा ब्रॉडवेचा मानाचा पुरस्कार मिळाला. त्यामुळे आज बघणाऱ्याला त्या चार मिनिटांत मागची चाळीस वर्षं दिसतात आणि पुढची बारा वर्षंही.

शेवटची गाते स्वतः स्ट्रिच. सगळं सोसून अजून टिकून असलेल्या नटीचं गाणं. सुरांत ती ठिकठिकाणी घसरते आणि कुणाही जाणकाराचं तिकडे लक्ष जात नाही, कारण शब्द टाकण्याची तिची जागा बिनचूक आहे.

पूर्वार्धात आणखी एक गंमत आहे. ‘स्वीनी टॉड’ नाटकातल्या गाण्याला ल्युपोनसमोर नायक स्वीनीचं काम केलेले दोन-दोन नट येतात, जॉर्ज हर्न आणि मायकेल सर्व्हेरिस. दोघांनीही ते काम तिच्याबरोबर वेगवेगळ्या वेळी केलेलं आहे. हे ठाऊक नसेल तर ते नुसतं विनोदी त्रिकूट वाटतं. बर्नाडेट पीटर्स आणि मँडी पॅटिनकिन यांचं युगुलगीतही असंच. १९८४ च्या मूळ नाटकातली हीच जोडी २६ वर्षांनी तेच गाणं गाते आहे. गाण्याचा आशय पुढे चालत राहण्याचा, आणि गाणारे दोघे तेवढी वर्षं खरोखर चालून आलेले. रसिक आधीच रडतात ते यासाठी.

आता वादांबद्दल. बाहेरच्याला ही कटकट वाटते, पण मला यातल्या बहुतेक तक्रारी रास्त वाटतात.

सगळ्यात मोठी तक्रार कटची. तीन मिनिटांच्या गाण्यात दर चार सेकंदांनी कॅमेरा बदलला तर ४५ तुकडे होतात. या गाण्यांत विचार ओळीच्या मधोमध वळतो आणि तो वळण घेताना चेहरा दिसावा लागतो. कट श्वासावर पडला तर कळतही नाही. शब्दाच्या पोटात पडला किंवा नेमका त्या वेळी प्रेक्षकांतला कुणी प्रसिद्ध चेहरा दाखवला, की वाक्य तुटतं. लाल पोशाखातल्या सहाजणींच्या बाबतीत मात्र ऐकणारीचा चेहरा दाखवणं योग्यच आहे, कारण तिचं ऐकणं हाही तिथे प्रयोगाचाच भाग आहे.

दुसरी तक्रार शब्द बुडण्याची. नाटकाच्या पिटमध्ये, म्हणजे रंगमंचापुढच्या वादकांच्या खड्ड्यात, वीस-पंचवीस वादक असतात, इथे तिपटी-चौपटीने. साँडहाइमचे शब्द दाट, यमकं ओळीच्या आतसुद्धा, आणि व्यंजनं ऐकू आली नाहीत तर अर्थच हरवतो. तंतुवाद्यांचा मोठा ताफा त्याच व्यंजनांवर चढून बसतो. पट्टी उतरवली तरी जुन्या रसिकांना लगेच समजतं. तुम्ही ऑर्गनवर पट्टी चटकन बदलता; इथे प्रत्येक वाद्याचा कागद नव्याने लिहावा लागतो. व्हायोलिनची सर्वांत खालची तार जिथे संपते तिथेच मूळ जागा असेल, तर दोन सूर खाली ती वाजणारच नाही, मग ती दुसऱ्या वाद्याला द्यायची आणि रंग बदलतो.

दोन रात्रींचं चित्रीकरण जोडताना होणारी एक चूक तुम्हाला चटकन पटेल. एका रात्री लय मिनिटाला १२० मात्रा आणि दुसऱ्या रात्री ११८ असली, तर तीन मिनिटांच्या गाण्यात तीन सेकंदांचा फरक पडतो. म्हणून शहाणा संकलक अख्खं गाणं एकाच रात्रीचं घेतो. टाळ्यांचंही तसंच. सभागृहातला माइक रंगमंचापासून तीस मीटरवर असेल तर तिथे आवाज जवळजवळ नव्वद मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. तो तेवढा आधी आणून जुळवला नाही, तर गाणारी विहिरीतून गाते आहे असं वाटतं. आणि टाळ्या कापल्या तर वन्समोअरची सगळी ऊब जाते.

पण काही दोष घरच्या टीव्हीचे असतात, ते आधी तपासा. ओठ आणि आवाज जुळत नसेल तर ब्लूटूथ हेडफोन काढून तारेचे लावा. ब्लूटूथमध्ये आवाज शंभर-दोनशे मिलिसेकंद सहज मागे पडतो. गाणं दबून वाद्यंच पुढे येत असतील तर आवाजाची सेटिंग सराउंडवरून स्टिरिओवर आणा, कारण सराउंडमध्ये गळा मधल्या स्पीकरला दिलेला असतो आणि तो स्पीकर घरात नसतो. चित्र मालिकेसारखं गुळगुळीत दिसत असेल तर हालचाल सफाईदार करणारी सेटिंग बंद करा.

२६ एप्रिल २०२० ची नव्वदीची मैफलही बघा, ती घरोघरून चित्रित झालेली. सुरुवातच तांत्रिक बिघाडाने तासाभराहून जास्त लांबली होती. त्यात ‘द लेडीज हू लंच’ पुन्हा आहे. क्रिस्टीन बारान्स्की, मेरिल स्ट्रीप आणि ऑड्रा मॅकडोनाल्ड, तिघी न्हाणीघरातल्या झग्यांत, हातात पेले. इंटरनेटवरून एका लयीत गाता येत नाही, आवाज मागेपुढे होतो, म्हणून प्रत्येकीचं वेगळं ध्वनिमुद्रण करून जुळवावं लागतं. चौकट न हलणारी, प्रकाश घरचाच, तरी कॅमेऱ्याबद्दल कुणी ब्र काढला नाही. शब्द न् शब्द ऐकू येत होता आणि चेहरा शेवटपर्यंत समोर होता.

२०१० च्या मैफलीची डीव्हीडी इथून पाठवता येईल, पण डीव्हीडी बहुधा आपापल्या विभागाच्या प्लेअरवरच चालते, आणि अमेरिकेचा विभाग १ आणि भारताचा ५. ब्लू-रे असेल तर इथला ए आणि तिकडचा सी. तुमच्या प्लेअरच्या मागे जगाच्या गोलाचं छोटं चित्र आणि त्यात आकडा असेल, तो कळवा. ‘ऑल’ लिहिलं असेल तर प्रश्नच नाही.

तुमची पुतणी