तेंगानानचा दोरा

जकार्ता, एप्रिल २०२६

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी फोन केला तेव्हा बाबा, तुम्ही 'आईला देतो' म्हणालात आणि लगेच फोन दिलात. आवाजावरून कळलं, दादाशी पुन्हा बोलाचाली झाली असणार. शिर्डीहून येणाऱ्या गाड्या शनिवार-रविवारी आपल्या घरी वळवायच्या, माग दाखवायचा, पैठण्या मांडायच्या, असं त्याच्या मनात आहे आणि तुम्हाला ते नको आहे. आई, तू दोघांच्या मध्ये. फोनवर मी घाई करते, अर्धं बोलते, म्हणून पत्र लिहायला बसले.

आधी एक राहिलेलं बोलून टाकते. दिवाळीत ती पंधरा-वीस माणसं आली होती. एकाने ताणलेल्या ताण्यावर हात ठेवला आणि दोन तार तुटले. एकीने विचारलं, मशीनवरची एवढ्याला मिळते, मग ही इतकी महाग का? आणि मी, तुमची मुलगी, मागे उभी राहून म्हणाले, "बाबा, जरा वर बघा ना, फोटो घेतायत." तुम्ही हातातली कांडी खाली ठेवलीत आणि बाहेर निघून गेलात. तेव्हा मला तुमचाच राग आला होता. बाबा, माझं चुकलं. हे समोर बसून म्हणायला हवं होतं.

कळायला मला बालीला जावं लागलं. यंदा आपला पाडवा आणि त्यांची न्येपी एकाच दिवशी आली, १९ मार्चला. ईदची सुट्टी लागूनच होती, म्हणून आधीच जाऊन पूर्वेकडे करांगासेम जिल्ह्यात राहिले. न्येपी म्हणजे त्यांचं नवं वर्ष. त्यांचाही शकच, साका म्हणतात, आणि आकडासुद्धा आपलाच, १९४८! पण आपल्यासारखी गुढी नाही, मिरवणूक नाही. त्या दिवशी सगळं बेट गप्प असतं. दिवा लावायचा नाही, काम करायचं नाही, घराबाहेर पडायचं नाही. विमानतळ पूर्ण चोवीस तास बंद, मोबाईलचं इंटरनेट बंद. रस्त्यावर फक्त पेचालांग, म्हणजे गावाचे राखणदार. ज्या बेटाचं पोट पाहुण्यांवर चालतं, ते बेट वर्षातून एक दिवस पाहुण्यांनाही खोलीत बसवतं, आणि मुकाट्याने सगळे बसतात. मी खिडकीत बसले होते. रात्री इतकं काळोखं आभाळ मी लहानपणी गच्चीवर झोपायचे तेव्हाच पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी तेंगानानला गेले. बाबा, हे गाव तुम्हाला दाखवायला हवं. दोन वर्षांपूर्वी एकदा गेले होते, पण तेव्हा नुसतं पाहिलं. या वेळी तुमच्या डोळ्यांनी पाहिलं.

पूर्ण नाव तेंगानान पेग्रिंगसिंगान. बालीतली जी अगदी मूळची गावं समजतात, त्यांतलं एक. तिथल्या लोकांना बाली आगा म्हणतात. गावाला भिंत आहे, वेशी आहेत, आत उत्तर-दक्षिण जाणारे दगडी रस्ते, आणि दोन्ही बाजूंना सारखी घरं. इथे गेरिंगसिंग विणतात. गेरिंग म्हणजे आजार, सिंग म्हणजे नाही. अंगावर असलं की रोगराई शिवत नाही, असं मानतात. तुम्ही पाटणच्या पटोल्याबद्दल सांगायचात ना, की ताणा आणि बाणा दोन्ही आधी गाठी मारून रंगवायचे आणि मग मागावर नक्षी जुळवायची? हे तेच काम. भारत, जपान आणि हे एवढंसं गाव, जगात अशा मोजक्याच ठिकाणी ते चालतं. आणि पटोले तर कित्येक शतकं गुजरातेतून जहाजाने या बेटांवर येत होते. राजे लोक नेसायचे, देवळात जपून ठेवायचे. आपल्याकडचा दोरा इथे आधीच येऊन पोचलेला आहे, हे मला तिथे उभं राहून कळलं.

पण इथे रेशीम नाही, सूत आहे. ते आधी कमिरी नावाच्या फळाच्या तेलात आणि राखेच्या पाण्यात दिवसेंदिवस मुरवतात, त्यानेच त्याला पिवळट रंग येतो आणि पुढचा रंग धरतो. लाल रंग झाडाच्या मुळाच्या सालीचा. निळा मात्र गावात चढवायचा नाही असा जुना दंडक, त्यासाठी सूत शेजारच्या बुगबुग गावाला जातं. एक कापड पुरं व्हायला वर्षं जातात. माग म्हणजे आपल्यासारखा खड्ड्यातला नाही. बाई जमिनीवर बसते, ताण्याचं एक टोक समोरच्या चौकटीला आणि दुसरं तिच्याच कमरेला. ती मागे रेलली की ताणा ताठ, पुढे झुकली की सैल. प्रत्येक बाणा टाकल्यावर टोकदार काडीने एकेक तार सरकवून नक्षी जुळवते. बाबा, मोराच्या डोळ्यावर आलात की तुम्ही जसा श्वास धरता, तसाच ती धरत होती.

मी ओसरीवर बसले होते. त्या बाई आईच्याच वयाच्या, इथे अशा बाईंना इबू म्हणतात. पुढच्या खोलीत कापडं टांगलेली, टोपल्या, ताडपत्रावर कोरलेली चित्रं, सगळं विकायला. त्यांतलं काही गावाचंही नव्हतं, दुसऱ्या बेटांवरचं होतं, हेही खरं. एक जोडपं आलं, त्यांनी भाव विचारला, घासाघीस केली, एक लहान पट्टा घेतला. मग त्या माणसाने आतल्या दाराकडे बोट करून विचारलं, आत काय आहे? इबू हसून म्हणाल्या, आत घर आहे. एवढंच. आवाज चढला नाही, कपाळावर आठी नाही. नंतर मला त्यांनी सांगितलं की घरातली जुनी गेरिंगसिंग आत पेटीत आहेत. बाळाचे पहिले केस कापतात तेव्हा लागतात, दात कानशीने घासून सारखे करण्याचा विधी असतो तेव्हा लागतात, लग्नात लागतात. ती विकायची नसतात आणि दाखवायचीही नसतात.

'आत घर आहे.' बाबा, तुम्ही दिवाळीत जे बोलू शकला नाहीत, ते हेच होतं ना?

दोन वर्षांपूर्वी उसाबा साम्बाहच्या दिवसांत गेले होते, तेव्हाचंही आता वेगळं आठवतं. हा त्यांचा इंद्राचा उत्सव. गावातले पुरुष, पोरं, उघड्या अंगाने समोरासमोर उभी राहतात, हातात काटेरी केवड्यासारख्या पानांची जुडी, दुसऱ्या हातात वेताची ढाल. लोखंडी पट्ट्यांचं वाद्य, सेलोंडिंग, वाजत असतं. काही क्षणांची झटापट, पाठीवर ओरखडे, रक्त, की पंच दोघांना सोडवतो आणि दोघंही हसतात. कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही. मग एकमेकांच्या पाठीला हळदीचा लेप लावतात आणि एकत्र बसून जेवतात. आई, तू आमच्या गुडघ्याला लावायचीस तीच हळद! मुली गेरिंगसिंग नेसून बसलेल्या असतात. जे कापड बाहेर संग्रहालयात काचेआड असतं, ते इथे पोरींच्या अंगावर उन्हात. भोवती कॅमेरे घेतलेले आम्ही शंभरेक पाहुणे होतो, आणि मला तेव्हा वाटलं होतं की हे आमच्यासाठी चाललं आहे. नव्हतं. आम्ही नसतो तरी तेवढंच रक्त आलं असतं आणि तेवढीच हळद लागली असती. उत्सवाची तिथी त्यांचं स्वतःचं पंचांग ठरवतं, आमची सुट्टी नाही.

या गावाला हे जमतं कसं, याचा मी पुष्कळ विचार केला. त्यांची एक गोष्ट आहे. बेडाहुलूच्या राजाचा घोडा हरवला. घोड्याचं नाव ओन्चेस्रवा, म्हणजे आपला उच्चैःश्रवाच! माणसं शोधायला निघाली. घोडा सापडला, पण मेलेला. राजा म्हणाला, मढ्याचा वास जिथवर येईल तिथवरची जमीन तुमची. सरदार मोजायला आला, गावचा म्होरक्या त्याच्याबरोबर चालत राहिला, चालत राहिला, आणि वास काही संपेना. घोड्याच्या मांसाचा तुकडा म्होरक्याने कपड्यात लपवला होता. ही गोष्ट सांगताना सगळं गाव खूश असतं. पण त्यातली खरी बाब जमीन आहे. गावाची जमीन गावाच्या मालकीची, बाहेरच्याला विकायची नाही. भातशेती शेजारच्या गावांतली माणसं बटाईने करतात आणि धान्याचा वाटा गावात येतो. गावाचे नियम लिहिलेले आहेत, त्याला आविग-आविग म्हणतात. डुरियनचं फळसुद्धा झाडावरून तोडायचं नाही, पडलं तरच उचलायचं. घरात धान्य आहे, म्हणून इबू 'आत घर आहे' म्हणू शकतात. एक पर्यटक रागावून गेला तरी चूल पेटणार असते.

जकार्ताच्या जवळ, बांतेन प्रांतात, बादुई लोक राहतात. मागच्या ऑगस्टमध्ये रांगकासबितुंगपर्यंत आगगाडीने आणि पुढे गाडीने गेले होते. बाहेरच्या बादुई गावांत फिरू देतात, ओसरीवर बायका माग लावून बसलेल्या, शेले विकतात. पण आतली तीन गावं, चिबेओ, चिकेरतावाना आणि चिकेउसिक, तिथे परदेशी माणसाला प्रवेश नाही. बांबूच्या पुलाशी आमचा वाटाड्या थांबला आणि म्हणाला, तुम्ही इथपर्यंतच. मी थांबले. पुलापलीकडून पांढऱ्या कपड्यांतली दोन माणसं अनवाणी चालत आली, आमच्याकडे पाहून मान हलवली आणि गेली. वर्षातून तीन महिने, त्यांच्या कावालूच्या व्रताच्या काळात, आतली गावं कुणालाच उघडी नसतात. २०२० साली त्यांच्या काही वडीलधाऱ्यांच्या वतीने तर राष्ट्राध्यक्षांना पत्र गेलं की आम्हाला पर्यटनाच्या नकाशावरून काढा. आम्ही बघायची वस्तू नाही, भेटायला या, असं त्यांचं म्हणणं. त्यांचं एक वचन इथे सगळ्यांना पाठ असतं: लांब असेल ते कापू नये, आखूड असेल ते जोडू नये. विणकराच्या घरात वाढलेल्या मला ते ऐकून कसं वाटलं असेल, तुम्हीच सांगा.

याच्या उलटही पाहिलं आहे. बालीतच बांगली जिल्ह्यात पेंगलिपुरान म्हणून गाव आहे. फार देखणं, गाड्यांना बंदी, सगळ्या घरांना सारखी दारं, मागे बांबूचं बन. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संस्थेने २०२३ साली उत्तम पर्यटनगावांत त्याची निवड केली. तिकीट काढून आत जायचं. पैसा गावात येतो, पोरं गावात राहतात, हे मोठं आहे आणि ते मला नाकारता येणार नाही. पण मी एका दारातून आत शिरले ती थेट कुणाच्या तरी स्वयंपाकघरापर्यंत गेले, आणि कुणी मला थांबवलं नाही. मला ते आवडलं नाही. आपल्या स्वयंपाकघरात आई भाकरी थापत असताना कुणी असं शिरलं तर?

दादा चुकतोय असं मी म्हणत नाही. रेशमाचा भाव काय झालाय हे मला माहीत आहे, आणि व्यापारी चार महिने पैसे अडकवून ठेवतो हेही. घरी येणारं गिऱ्हाईक रोख देतं. शिवाय येवल्यात मुलं मागावर बसायला तयार नाहीत. कुणी पाहायला आलं नाही तर पैठणी हातमागाची म्हणजे काय, हे लोकांना कळणार तरी कसं? पण तेंगानानला मागे शेती आहे आणि आपल्याला नाही. म्हणून मी असं ठरवलं आहे, आणि तुम्ही दोघांनी नाही म्हणू नका: या वर्षीच्या रेशमाचे आणि जरीचे पैसे मी पाठवते. ते साडीचे आगाऊ समजा, उधार समजा, काय वाटेल ते समजा. आता व्यापाऱ्याच्या किंवा गाडीवाल्याच्या घाईने काही ठरवायचं कारण उरणार नाही.

मग माणसं बोलवायची का, हे बाबांनी ठरवावं. बोलवायची असली तर पुढच्या खोलीत दादाचा जुना माग लावा, त्यावर नुसता नारळी काठ चालू ठेवा. तिथे वहिनी सगळं समजावून सांगेल, तिला ते छान येतं. पाहण्याचे पैसे घ्यावेत. विणणाऱ्याचा वेळ फुकट नाही. तुमचा माग आतच राहू दे. तुमच्या मागावरची नवी नक्षी कुणाच्या मोबाईलमध्ये जाता कामा नये. आणि आजीची पैठणी ट्रंकेतून काढायची नाही, कुणी कितीही मोठं माणूस आलं तरी. नाही बोलवायची असली, तर दादाशी मी बोलते. माझं ऐकेल, रागावेल आधी, पण ऐकेल.

बाबांच्या मोतीबिंदूची तारीख मला कळवा, मी त्या आठवड्यात येते. आई, गुडघ्याचं तेल संपलं असेल तर वहिनीला सांग, माझी वाट पाहू नकोस.

निघताना इबूंनी विचारलं, तुझे वडील काय विणतात? मोबाईलवर तुमच्या पदराचा फोटो होता तो दाखवला. त्यांनी तो बोटांनी मोठा करून बराच वेळ पाहिला आणि दोन्ही बाजू सारख्या का, हे विचारलं. मला जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं; प्रत्येक रंगाला वेगळी कांडी असते, मागे तार मोकळा सोडत नाहीत. त्यांनी मान डोलावली, आत गेल्या आणि गाठी मारून रंगवलेल्या सुताचा हातभर तुकडा आणून दिला, तुमच्यासाठी. गाठी अजून सोडलेल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात ऑफिसातले एक जण नाशिकला जातायत, त्यांच्याबरोबर पाठवते. तेलाचा वास येईल, तो कमिरीचा आहे, धुऊ नका. आई, पुडी तू उघडू नकोस. पहिली गाठ बाबांना सोडू दे.

तुमची लेक