वारज्याच्या घरातल्या टाकीबद्दल

पुणे, रविवार सकाळ

प्रिय मिलिंद,

तुझं पत्र मिळालं. वारज्याच्या घरात फिशटँक ठेवायचं ठरतंय हे वाचून खूप आनंद झाला. पण दुकानदाराने फ्लॉवरहॉर्न सुचवला आणि "वास्तूला शुभ असतो" म्हणाला, तिथे मी थबकलो. फोनवर घाईत बोलण्याचा हा विषय नाही, म्हणून लिहायला बसलो.

फ्लॉवरहॉर्न काय किंवा माझ्याकडचा ब्लड पॅरट काय, दोन्ही सिक्लिड नावाच्या माशांच्या कुळातले, पण कुठल्याच नदीत वा तळ्यात आपोआप न झालेले. माणसाने वेगवेगळ्या जाती एकत्र आणून हा संकर केला. ब्लड पॅरट १९८६ च्या सुमारास तैवानमध्ये आला. मध्य अमेरिकेतल्या मिडास आणि रेडहेड सिक्लिडची ती संतती, असं मानतात. फ्लॉवरहॉर्न त्यानंतरचा, १९९० च्या दशकातला, मलेशियातला. त्याच्यात ट्रायमॅक, रेड डेव्हिल अशा इतर सिक्लिडचं बरंच रक्त मिसळलंय. कपाळावरचा तो फुगवटा, ज्याला सगळे 'हेड' म्हणतात, आणि अंगावरच्या काळ्या खुणांत लोकांनी वाचलेली चिनी अक्षरं, यामुळे तो भाग्याचा मासा ठरला. माशाला भाग्याचं काय! त्याला जागा लागते. पूर्ण वाढला की तो फूटभर होतो, नीट सांभाळला तर दहा वर्षं जगतो आणि आपल्या टाकीत दुसऱ्या कुणाला सहसा टिकू देत नाही. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकी म्हणजे अडीचशे लिटर पाणी. नुसत्या पाण्याचंच वजन अडीचशे किलो, काच आणि स्टँड वेगळे. दुकानात हे कुणी सांगत नाही, कारण तिथे तो बोटाएवढा असतो.

माझ्याकडे ब्लड पॅरटची जोडी आहे हे तुला ठाऊक आहे. त्यांचं तोंड पूर्ण मिटतच नाही, उभी फट असावी तसं अर्धवट उघडं राहतं. दाणा ओठांनी धरणं जमत नाही, म्हणून ते घशातल्या दातांनी चुरतात. दाणे बारीक आणि हळूहळू बुडणारे द्यावे लागतात, शेजारी चपळ मासे असले तर हे उपाशी राहतात. मादी सपाट दगडावर अंडी घालते. मग दोघंही तिथून हलत नाहीत. कल्ल्यामागच्या परांनी अंड्यांवर सतत पाणी खेळवत राहतात, मी काचेजवळ हात नेला तरी धावून येतात. पण पॅरटचे नर बहुतेक वांझ असतात. एकदोन दिवसांत अंडी पांढरी पडतात, त्यांच्यावर बुरशी धरते, आणि तरीही त्यांचा पहारा सुटत नाही. मिलिंद, हे बघताना माझा जीव तुटतो. आईबापपणाची सगळी समज त्यांच्यात शाबूत आहे, आणि फळ मात्र आपण काढून घेतलंय.

म्हणून काही जाणकार म्हणतात, संकरित मासे घेऊच नयेत, घेतले की आणखी बनवले जातात. मला ते पटतं. निळे-जांभळे पॅरट दिसले तर ते रंग टोचलेले किंवा रंगवलेले समज. हृदयाच्या आकाराचे म्हणून विकतात त्यांची शेपटी लहानपणीच कापलेली असते. त्यांना तर हातच लावू नकोस. पण जे मासे जन्मून बसलेत त्यांचं काय? पुण्यात घर बदलणारी, बदलीवर जाणारी, टाकीला कंटाळलेली माणसं सतत असतात. त्यांचे मासे कुणीतरी घ्यायला हवेत. माझं सांगणं एवढंच, विकत घेऊ नकोस, सोडवून घे. त्यात फ्लॉवरहॉर्न मिळाला तरी चालेल, फक्त टाकी त्याच्या मापाची असू दे.

आणि पुढे कधी जमेनासं झालं तरी पाषाणच्या किंवा कात्रजच्या तळ्यात सोडू नकोस. सिंगापूर-मलेशियात सोडलेले फ्लॉवरहॉर्न तिथल्या जलाशयांत ठाण मांडून बसलेत. आपल्याकडे चिलापीचं, म्हणजे तिलापियाचं, उदाहरण समोर आहे. तीही सिक्लिडच, आफ्रिकेतली, १९५२ मध्ये भारतात आणली. आज भिगवणच्या मासळी बाजारात तिचे ढीग बघ. तू वेंगुर्ल्याचा, खाडीतली काळुंदर खाऊन वाढलास, ती मात्र आपली स्वतःची सिक्लिड. हे ओवीला जरूर सांग, तिला आवडेल.

पाण्याचं सोसायटीत आधी विचारून घे. कॉर्पोरेशनचं पाणी असेल तर क्लोरीन मारणारं औषध घातल्याशिवाय टाकीत जाता कामा नये. टँकरचं किंवा बोरचं पाणी जड, म्हणजे जास्त क्षारांचं असतं. या माशांना ते चालतं, फक्त आज हे उद्या ते असं नको. टाकी भरल्यावर लगेच मासे सोडू नकोस. माशांच्या विष्ठेतून अमोनिया होतो, तो पचवणारे जिवाणू फिल्टरात वाढायला महिना-दीड महिना जातो. जुन्या मालकाकडून फिल्टरचा स्पंज ओला ठेवून आणलास तर हे काम लवकर होईल. दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलायचं, त्याला सुट्टी नाही. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्या आसपास येतो, तेव्हा हीटर हवाच, पाणी २७-२८ अंशांवर ठेव. वीज गेल्यावर चालणारा बॅटरीचा एअर पंपही घेऊन ठेव.

सहकारनगरमधले एक ओळखीचे काका मुलाकडे बंगळुरूला चाललेत. त्यांच्याकडे चार फुटी टाकी आणि एक म्हातारा पॅरट आहे. तुझा होकार आला की मी त्यांच्याशी बोलतो. टाकी उचलायला चार माणसं लागतील, तेवढी तू जमव. तिसऱ्या मजल्यावर लिफ्टमध्ये मावेल का तेही मोजून कळव.

वहिनींना नमस्कार, ओवीला खूप आशीर्वाद.

तुझा,
शिरीष