वजनकाटा भट्टीवर कधी जाणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माता-बाल आरोग्यासाठी जिल्ह्यात समन्वय बैठक झाली, आरोग्य खातं, महिला-बालविकास, बचत गट आणि सामाजिक संस्था 'एका व्यासपीठावर' आल्या, अशी बातमी आपल्या अंकात वाचली. फोटोही नीट न्याहाळला. त्यात एकही वीटभट्टी मालक नव्हता, एकही मुकादम नव्हता आणि भिवंडीकडची एकही आरोग्य सेविका नव्हती. म्हणून हे पत्र.

मी जव्हार-मोखाडा भागात उपकेंद्रांवर आरोग्य सेविका होते, आता निवृत्त आहे. आमच्याकडचं वर्ष दोन तुकड्यांचं असतं. पावसाळ्यात पाडा भरलेला. भात, नागली, वरई घरात आली आणि दिवाळी उरकली की पाड्यावर म्हातारी माणसं आणि कोंबड्या. बाकीचे 'जगायला' गेलेले. स्थलांतर हा शब्द आमच्या रजिस्टरातला, लोक जगायला जाणं असंच म्हणतात. भिवंडी, वसई, वाडा, शहापूर, जिथे भट्टी असेल तिथे. मुकादम गणपतीच्या सुमाराला बयाणा देऊन जातो, त्यामुळे कोण कुठे जाणार हे पाड्यावर दोन महिने आधी ठाऊक असतं. होळीला चार दिवस माणसं येतात, शिमगा खेळतात आणि पावसापर्यंत पुन्हा गायब.

आपल्या योजना मात्र बाराही महिने पाड्यावरच बसून असतात.

एक प्रसंग सांगते. गावाचं नाव सांगत नाही. दुसरी खेप असलेली एक बाई. श्रावणात तिची नोंद केली, इंजेक्शन दिलं, रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन आठच्या आसपास. लाल गोळ्या दिल्या, त्या जेवणानंतर घ्यायच्या, चहाबरोबर नाही, हे तीनदा बजावलं. सातव्या महिन्यात ती नवऱ्यामागे भट्टीवर गेली. कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून कुडाला लटकावलेलं, ते तिथेच राहिलं. मी रजिस्टरात तिच्या नावापुढे लाल शाईने 'स्थलांतरित' लिहिलं. तो शब्द लिहिला की आमचं काम संपायचं. मीही तो कितीदा लिहिला आहे, त्यामुळे दुसऱ्याकडे बोट दाखवायला हे पत्र नाही.

होळीला ती आली ती पोरगी घेऊनच. भोंग्यात रात्री बाळंत झाली होती. (भोंगा म्हणजे भट्टीवरची ती वाकून आत शिरायची गवताची खोपटी.) नाळ शेजारच्या भोंग्यातल्या बाईने कापली. मी काटा आढ्याला अडकवला, झोळीत पोर ठेवलं. दोन महिने उलटून गेलेलं बाळ, आणि काटा अडीच किलोच्याही अलीकडे थांबला. अडीच किलो तर जन्मताना हवं! कार्डावर 'जन्मावेळचे वजन' असा रकाना असतो. तिथे काय लिहायचं? "कुणी तोललंच नाही, सिस्टरबाई," ती म्हणाली. भट्टीच्या गावातली आशा (गावपातळीची आरोग्य कार्यकर्ती) दोनदा रस्त्यावरून गेली होती, पण ही बाई तिच्या यादीत नव्हती. माझ्या यादीत होती, तर मी ऐंशी-नव्वद किलोमीटरवर. पोरगी जगली. आजी सोबत गेली होती, तिने रात्रंदिवस पोटाशी धरली म्हणून जगली. सरकारच्या कुठल्याच खात्याचा त्यात हात नव्हता.

आता हिशेब पाहा. दवाखान्यात बाळंतपण झालं तर आशाने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जायचं. घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीही. हे वेळापत्रक काही कुणी हवेतून काढलेलं नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 39 गावांत गावातल्याच बायांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. बाळाचं वजन घेणं, श्वास मोजणं, ते उबदार ठेवणं, न्यूमोनिया ओळखणं हे त्या झोपडीत बसून करू लागल्या. नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटल्याचा त्यांचा अभ्यास 1999 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला, आणि पुढे 2011 पासून हीच पद्धत देशभर आशांच्या हाती दिली गेली. ते काम चाललं ते कुणाला कुठल्या दारात, कितव्या दिवशी जायचं हे पक्कं ठरलेलं होतं म्हणून. आमच्या बाईचं दार बेचाळीस दिवस भट्टीवर होतं आणि तिथे जायचं कुणाच्याच नावावर नव्हतं.

अमृत आहाराचंही तेच. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या नावाची ही योजना 2015 पासून आदिवासी भागात आहे. गरोदर बाईला शेवटच्या तिमाहीत आणि बाळंतपणानंतर सहा महिने अंगणवाडीत दिवसातून एक गरम जेवण. भाकरी, भात, डाळ, पालेभाजी, अंडं, शेंगदाण्याचा लाडू. योजना चांगली आहे, मी त्या ताटावर बसलेल्या बायांचे चेहरे पाहिले आहेत. पण ज्या बाईची सातवा महिना ते बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंतची वेळ दिवाळी ते आखाडात येते, तिच्या वाट्याला त्यातलं किती येतं? उलट त्याच दिवसांत ती मध्यरात्री उठून विटा पाडत असते.

जुन्या वाचकांना 1992-93 साल आठवत असेल. जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत मुलं दगावली, मुंबईहून गाड्या भरभरून माणसं आली. त्यानंतर 1995 साली नवसंजीवनी योजना आली, भरारी पथकं आली, मातृत्व अनुदान आलं. बालमृत्यूंवर लक्ष ठेवायला गाभा समित्या आल्या. 2007 मध्ये आरोग्य सेवांवर लोकाधारित देखरेख (गावकऱ्यांनीच सेवा तपासून जनसुनवाईत जाब विचारायचा) सुरू झाली, तेव्हा पहिल्या पाच जिल्ह्यांत ठाणे होतं. त्या जनसुनवायांत आम्ही कर्मचाऱ्यांनी शिव्या खाल्ल्या, पण खरं सांगते, त्यातून कामं झाली. बंद उपकेंद्रं उघडली. गावाने तयार केलेलं रिपोर्ट कार्ड, त्यातले लाल-पिवळे-हिरवे ठोकळे डॉक्टरांसमोर भिंतीला लावले की डॉक्टरही खुर्चीत सरसावून बसत. एका जनसुनवाईत एका म्हाताऱ्याने विचारलं होतं, "भट्टीवर कोण येणार?" त्यावर उत्तर आलं, तो विषय आपल्या अखत्यारीत येत नाही.

तेव्हा निदान जिल्हा एक होता. जव्हारही ठाण्यात, भिवंडीही ठाण्यात. एक जिल्हाधिकारी, एक जिल्हा परिषद, एक जिल्हा आरोग्य अधिकारी. 1 ऑगस्ट 2014 ला पालघर वेगळा झाला. आम्हाला जिल्हा जवळ आला याचा आनंदच आहे. पण पाडे पालघरात आले आणि भिवंडी-शहापूरच्या भट्ट्या ठाण्यात राहिल्या. आता एका गरोदर बाईसाठी दोन जिल्ह्यांनी एकमेकांना पत्र लिहायचं. भट्टी महापालिकेच्या हद्दीत असेल तर तिसरं कार्यालय. भट्टी कामगार खात्याची, आहार महिला-बालविकासचा, पैसा आदिवासी विकासचा, इंजेक्शन आरोग्याचं. आपल्या बातमीतल्या व्यासपीठावर सगळे होते ते एकाच जिल्ह्याचे. एका जिल्ह्यातला समन्वय करून या बाईचं काही होणार नाही.

मोबाइलवर सगळं आहे असं मला हल्ली सांगतात. अंगणवाडीच्या नोंदींचं पोषण ट्रॅकर हे ॲप 2021 मध्ये आलं, त्यात लाभार्थी दुसऱ्या अंगणवाडीला जोडता येतो. असेलही. पण भट्टीजवळच्या सेविकेला तिच्या मोबाइलवर एक अनोळखी नाव दिसेल. त्या नावाची बाई चाळीस भोंग्यांतल्या कुठल्या भोंग्यात आहे, हे सांगायला माणूसच लागतो. आणि तो माणूस म्हणजे मुकादम! आमच्या सगळ्या बैठकांत ज्याला कधी बोलावलं नाही तो. त्याच्या वहीत कुठल्या पाड्याची कुठली जोडी कुठल्या भट्टीवर, किती बयाण्यावर, हे सगळं लिहिलेलं असतं. ती वही आमच्या रजिस्टरापेक्षा अचूक असते, हे मला नोकरीत फार उशिरा कळलं.

माझं म्हणणं साधं आहे. गणपती ते दिवाळी या दिवसांत प्रत्येक पाड्यावर आशा, अंगणवाडी ताई आणि मुकादम यांनी एकत्र बसून एक यादी करावी. गरोदर बाया आणि दोन वर्षांखालची मुलं एवढीच. भट्टीचं गाव, मालकाचं नाव, सोबत जाणाऱ्या एका नातेवाइकाचा फोन. ही यादी ग्रामसभेत वाचावी, म्हणजे सुटलेली नावं बायाच ओरडून सांगतील. मग इकडच्या सेविकेने तिकडच्या सेविकेला स्वतः फोन करावा. पत्र नको, पत्र जावक क्रमांकात अडकतं. मी शेवटच्या दोन वर्षांत वाड्याकडच्या एका सिस्टरशी असं फोनवर जमवलं होतं. तिला मी कधी पाहिलंही नाही. पण माझ्या सहा बाया तिने शोधून काढल्या, दोघींना वेळेवर दवाखान्यात नेलं. तिच्यावरही कामाचा बोजा होताच. 'तुमच्या बाया' असं मात्र ती एकदाही म्हणाली नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. भट्टीवर लसीकरणाला सिस्टर सकाळी दहाला जाते आणि बाया येत नाहीत म्हणून 'प्रतिसाद नाही' असं लिहून परत येते. अहो, त्या मध्यरात्रीपासून चिखलात असतात, दहाला कुठे पाठ टेकलेली असते. आठवड्याची खर्ची ज्या दिवशी मिळते त्या बाजाराच्या दिवशी दुपारी जा, सगळ्या भेटतात. पोरं अंघोळ घालून आणलेली असतात. ग्राम आरोग्य पोषण दिन महिन्यातून एकदा तिथेच, भट्टीवर, त्या दिवशी घ्यावा. मालकाने एक सावलीची जागा आणि रात्री-अपरात्री गाडी देईल अशा माणसाचा नंबर द्यावा, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा. बहुतेक मालक नाही म्हणत नाहीत, त्यांना कुणी विचारत नाही. जे नाही म्हणतील त्यांच्यासाठी जिल्हाधिकारी आहेत.

पैसा नाही हे मला पटत नाही. ग्राम आरोग्य समितीला वर्षाला 10,000 रुपयांपर्यंत अबंधित, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे खर्चायचा, निधी असतो. तो बऱ्याच ठिकाणी सतरंज्या आणि फिनेलमध्ये जातो. पेसा गावांना (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा जिथे लागू आहे ती गावं) आदिवासी उपयोजनेचा पाच टक्के निधी थेट मिळतो. दोन पाड्यांच्या ग्रामसभांनी मिळून महिन्याला एक जीप भट्टीकडे पाठवायची ठरवली, आशेला तिचं भाडं आणि मजुरी दिली, तर कुठला लेखापरीक्षक अडवणार आहे?

आणि हे जमणारं नाही असं कुणी म्हणू नये. नव्वदच्या दशकात वसईकडे 'विधायक संसद' या संस्थेने भट्ट्यांवर भोंगा शाळा चालवल्या. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा भोंग्यात नेली. फळा भोंग्यात जाऊ शकतो, तर वजनकाटा का नाही? काटा तर खांद्याच्या पिशवीत मावतो.

सामाजिक संस्थांबद्दल थोडं लिहिते, रागावू नये. काही संस्थांनी आमच्या भागात जीव ओतून काम केलं आहे. पण एका पाड्यावर तीन संस्था तीन रंगांचे तक्ते भरून घेतात आणि त्याच बाईला तिसऱ्यांदा विचारतात, लोहाच्या गोळ्या घेता का. ती तिघांनाही हो म्हणते. संस्थांनी ठाणे जिल्ह्यातल्या भट्ट्या वाटून घ्याव्यात, एका संस्थेने एक पट्टा, आणि आमच्याच यादीवर काम करावं. स्वतःचं नवं रजिस्टर काढू नये.

पुढची समन्वय बैठक होईल तेव्हा पालघर आणि ठाणे दोन्हीकडच्या गाभा समित्या एकत्र बसवाव्यात आणि निदान चार मुकादमांना बोलावणं धाडावं, अशी आपल्यामार्फत दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांना विनंती. बैठक दिवाळीआधी घ्यावी. नंतर घेतली तर पाड्यावर यादी सांगायला कोणी नसेल. मुकादमांना चहा आधी द्यावा, ते लांबून येतात.

आपली,
एक निवृत्त आरोग्य सेविका
ता. जव्हार, जि. पालघर
(कृपया नाव प्रसिद्ध करू नये.)