आकाशाचा पाठ मार्चपर्यंत थांबवू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राज्य मंडळाची सहावी ते दहावीची जी विज्ञानाची पुस्तके आम्ही आजवर शिकवत आलो, ती एकदा शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. सहावीत ‘विश्वाचे अंतरंग’, सातवीत ‘तारकांच्या दुनियेत’, आठवीत ‘ताऱ्यांची जीवनयात्रा’, नववीत ‘अवकाश निरीक्षण : दुर्बिणी’ आणि दहावीच्या पहिल्या भागात ‘अवकाश मोहिमा’ हे पाचही पाठ आपापल्या पुस्तकात अगदी शेवटी येतात. क्रमाने शिकवत गेले की ते फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे सराव परीक्षा आणि उजळणीच्या धांदलीत हाती लागतात, आणि मग दोन तासिकांत वाचून, प्रश्नोत्तरे लिहून देऊन संपवले जातात. करवीर तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत मी बावीस वर्षे विज्ञान शिकवत आहे आणि त्यांतील पहिली बरीच वर्षे मीही हेच केले, हे येथे मोकळेपणाने नोंदवते.

अवकाश शिक्षणासाठी साधनेच नाहीत, अशी तक्रार आज कोणी करू नये. ‘स्टेलॅरियम’ हे आकाशदर्शनाचे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते. कोलोरॅडो विद्यापीठाच्या ‘फेट’ प्रकल्पातील अनेक आभासी प्रयोग मराठीतही उघडतात. टाकाऊ वस्तूंपासून वैज्ञानिक खेळणी करण्याची अरविंद गुप्ता यांची पुस्तके आणि चित्रफिती त्यांच्या संकेतस्थळावर सर्वांना खुल्या आहेत. पुण्यात ‘आयुका’ या खगोलशास्त्र संशोधन संस्थेच्या आवारात शालेय मुलांसाठी मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे, आणि त्या आयुकाचे संस्थापक संचालक डॉ. जयंत नारळीकर यांचा जन्म १९ जुलै १९३८ रोजी आपल्या कोल्हापुरातच झाला होता. इस्रो नववीच्या निवडक मुलांसाठी २०१९ पासून ‘युविका’ हा उपक्रम चालवते, आणि चंद्रयान-३ उतरले त्या २३ ऑगस्टला आता राष्ट्रीय अंतराळ दिन साजरा होतो. माझे म्हणणे एवढेच आहे की, ही सारी सामग्री ज्या अक्षांशावर आणि ज्या भाषेत आमची मुले राहतात, तेथे आणून ठेवण्याचे काम कोणी केलेले नाही, आणि ते प्रत्येक शिक्षकाने एकट्याने करावे अशी अपेक्षा ठेवल्यामुळे ते होत नाही.

अक्षांशाची गोष्ट आधी सांगते. परदेशी चित्रांत ध्रुवतारा क्षितिजापासून चांगला उंच दाखवलेला असतो, कारण ती चित्रे चाळीस-पन्नास अंश अक्षांशावरच्या मुलांसाठी काढलेली असतात. कोल्हापूर सुमारे १६.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे आपला ध्रुव क्षितिजापासून तेवढाच वर, म्हणजे हात लांब करून धरलेल्या जेमतेम दीड मुठीइतका उंच दिसतो, आणि उत्तरेला डोंगर, झाडी किंवा शहराचा उजेड असेल तर दिसतही नाही. चित्रातल्या उंचीवर शोधणाऱ्या मुलाला तो सापडत नाही आणि आपलेच चुकले असे त्याला वाटते. चंद्रकोरीचेही तसेच आहे. पुस्तकातली कोर उभी असते, पण फाल्गुन-चैत्रातील द्वितीयेची कोर आमच्या मुलांना पश्चिमेला होडीसारखी आडवी दिसते. ऋतूंच्या आकृतीत सूर्य नेहमी दक्षिणेकडे कललेला असतो. आपल्याकडे मात्र साधारण ६-७ मे ते ५-६ ऑगस्ट या काळात मध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो आणि सावली दक्षिणेला पडते. हे वाक्य वर्गात नुसते सांगितले तर कोणी विश्वास ठेवत नाही, इतके ते मनात बसलेल्या चित्राच्या विरुद्ध आहे.

म्हणून आम्ही काही वर्षांपूर्वी शाळेच्या अंगणात एक मीटर लांबीची काठी ओळंबा लावून सरळ उभी केली. तिला खर्च काहीच आला नाही. मध्यान्ही तिची सावली २१ जूनच्या सुमारास दक्षिणेला जवळपास १२ सेंटिमीटर, २२-२३ सप्टेंबरला उत्तरेला ३० सेंटिमीटर आणि २२ डिसेंबरला उत्तरेलाच ८४ सेंटिमीटरच्या आसपास यायला हवी. जूनमध्ये ढगांमुळे बहुतेक वर्षी पहिले माप हुकते, पण उरलेली दोन मिळतात. येथे शिक्षकांनी एक काळजी घ्यावी. घड्याळात बारा वाजले म्हणजे मध्यान्ह झाली असे नव्हे. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे आणि कोल्हापूर त्याच्या सव्वाआठ अंश पश्चिमेला आहे, त्यामुळे आपली मध्यान्ह सरासरीने ३३ मिनिटे उशिरा होते, तीही नोव्हेंबरच्या आरंभी १२ वाजून १७ मिनिटांच्या आणि फेब्रुवारीच्या मध्यावर १२ वाजून ४७ मिनिटांच्या सुमारास. ही दोन वाक्ये ठाऊक नसल्यामुळे पहिल्या वर्षी आमची सगळी मापे चुकली, आणि ती सांगणारे एकही मराठी पान मला तेव्हा मिळाले नाही. हेच माप त्याच दिवशी जळगावच्या एखाद्या शाळेने घेतले तर दोन ठिकाणच्या सूर्याच्या उंचीत सुमारे ४.३ अंशांचा फरक येतो, आणि दोन अक्षांशांमधील सुमारे ४८० किलोमीटरचे अंतर धरून, एवढ्या अंशांना एवढे अंतर तर ३६० अंशांना किती, या हिशेबाने मुलांना पृथ्वीचा परीघ स्वतः काढता येतो. एका दूरध्वनीचे काम आहे.

शून्य सावलीचा दिवस, म्हणजे मध्यान्ही सूर्य अगदी डोक्यावर येऊन काठीची सावली नाहीशी होते तो दिवस, सर्वांत आकर्षक, पण आपल्याकडे तो मे महिन्यात सुट्टीत येतो आणि ऑगस्टमध्ये पावसात. त्याऐवजी कोल्हापूरला जे मिळाले आहे ते दुसऱ्या कोणत्या शहराच्या मुलांना क्वचितच मिळत असेल, ते म्हणजे अंबाबाईचा किरणोत्सव. नोव्हेंबरमध्ये ९ ते ११ तारखांच्या सुमारास आणि पुन्हा जानेवारीअखेर व फेब्रुवारीच्या आरंभी मावळतीची किरणे महाद्वारातून आत येत देवीच्या मूर्तीपर्यंत पोहोचतात, आणि त्या दिवसांत आमच्या वर्गातील प्रत्येक घरात हा विषय असतो. हे दोन्ही काळ २१-२२ डिसेंबरच्या आधी आणि नंतर सुमारे ४१ दिवसांवर आहेत, म्हणजे दोन्ही वेळी सूर्याची क्रांती, म्हणजे आकाशातील विषुववृत्तापासूनचे त्याचे कोनातले अंतर, जवळपास सारखी, दक्षिणेला सुमारे १७ अंश असते आणि तो खऱ्या पश्चिमेच्या सुमारे १८ अंश दक्षिणेला मावळतो. ज्यांनी हे मंदिर उभारले त्यांना सूर्याची वार्षिक चाल किती बारकाईने ठाऊक होती, हे मुलांना या आकड्यांतून कळते, आणि घरातली श्रद्धा व वर्गातला अभ्यास यांत कुठेही तंटा होत नाही. मी हा भाग नोव्हेंबरमध्ये घेऊ लागल्यापासून सातवीचा शेवटचा पाठ माझ्याकडे सातव्या-आठव्या क्रमांकावर आला आहे. मृग आणि कृत्तिका त्यानंतर लवकरच संध्याकाळच्या आकाशात चढू लागतात, आकाश स्वच्छ असते आणि परीक्षा दूर असतात.

भाषेची अडचण बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. मराठी चित्रफीत मिळाली नाही की शिक्षक हिंदी लावतात. तीत ‘पलायन वेग’ ऐकलेल्या मुलाला पुस्तकातला ‘मुक्तिवेग’, म्हणजे ग्रहाच्या गुरुत्वाकर्षणातून सुटण्यासाठी लागणारा वेग, ही वेगळीच राशी वाटते. हिंदीत कोणत्याही दीर्घिकेला, म्हणजे ताऱ्यांच्या प्रचंड समूहाला, आकाशगंगा म्हणतात, तर आपल्याकडे आकाशगंगा हे एकाच, आपल्या दीर्घिकेचे नाव आहे. त्यामुळे देवयानी या दुसऱ्या दीर्घिकेबद्दल ‘देवयानी आकाशगंगा’ असे ऐकून आलेली मुले आपण देवयानीत राहतो का, असे विचारतात. २०२५ मध्ये भारतीय अंतराळवीर शुभांशु शुक्ला २५ जूनला अवकाशात झेपावले आणि १५ जुलैला परतले, तेव्हा दहावीत पहिलाच पाठ ‘गुरुत्वाकर्षण’ चालू होता. तिथे गुरुत्वाकर्षण नाही म्हणून ते तरंगतात, असे सगळ्या वर्गाने एका सुरात सांगितले. अवकाशस्थानकाच्या उंचीवर, म्हणजे सुमारे ४०० किलोमीटरवर, गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या जवळपास नव्वद टक्के असते आणि स्थानक व त्यातली माणसे एकत्रच पृथ्वीभोवती पडत राहतात, हे समजावणारे मराठीतले एक पान त्या आठवड्यात प्रत्येक शाळेत असते तर किती बरे झाले असते. इंग्रजीत अशी पाने शेकड्यांनी होती.

दुर्बिणींबद्दलही लिहिणे भाग आहे. माझ्या पाहण्यातल्या एका शाळेला देणगीतून चांगली दुर्बीण मिळाली. समारंभ झाला, छायाचित्रे निघाली, परंतु नेम धरण्यासाठी वर बसवलेली छोटी शोधक दुर्बीण मुख्य नळीशी कशी जुळवायची हे कोणालाच दाखवले गेले नाही. मुलांनी रात्री रांगेत उभे राहून काळोख पाहिला आणि दुर्बीण कपाटात गेली. देणगीदारांना माझी विनंती आहे की, दुर्बिणीऐवजी १० गुणिले ५० ची, म्हणजे दहापट मोठे दाखवणारी व ५० मिलिमीटर भिंगांची, दोन द्विनेत्री द्यावीत. त्यांतून चंद्रावरची विवरे दिसतात, नीट टेकवून धरल्यास गुरूचे चंद्र दिसतात, आणि ती वापरायला शिकवण्यास दहा मिनिटे पुरतात. सूर्याकडे मात्र ती कधीही रोखायची नाहीत, हे त्यांच्या डब्यावरच मोठ्या अक्षरांत लिहावे.

जिल्हा परिषदेचा शिक्षण विभाग आणि जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था यांच्याकडे माझी मागणी लहान आहे. अवकाशाचे पाठ दुसऱ्या सत्राच्या आरंभी घेण्याची मोकळीक वार्षिक नियोजनात स्पष्टपणे द्यावी. केंद्रस्तरीय, म्हणजे जवळच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत वर्षातून एक तास या विषयासाठी ठेवावा, आणि तो भाषणाचा नसावा, काठी आणि ओळंबा घेऊन अंगणात करावयाचा असावा. कोल्हापूरच्या अक्षांश-रेखांशासाठी जून ते एप्रिलची एक मराठी दिनदर्शिका तयार करावी, जीत मध्यान्हीच्या वेळा, काठीच्या सावलीची अपेक्षित मापे, ग्रहांच्या जागा आणि अवकाशस्थानक कधी कोणत्या दिशेने दिसेल ते असेल. तिच्यासाठी बाहेरून कोणाला आणावे लागणार नाही. शिवाजी विद्यापीठाचे पन्हाळ्यावर अवकाश संशोधन केंद्र आहे, आणि विद्यापीठाच्या आवारात भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या रडारने ऐंशी-नव्वद किलोमीटर उंचीवरच्या वाऱ्यांचा अभ्यास केलेला आहे. पन्हाळ्याला सहलीला जाणाऱ्या मुलांना तीन दरवाजा आणि अंधारबाव दाखवतात, पण या केंद्राचे नावही कोणी घेत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आपल्या वृत्तपत्राकडेही एक मागणे आहे. सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा कोल्हापूरच्या आहेत याची खात्री करून त्या रोज एकाच जागी छापाव्यात. आमची मुले त्या कापून वहीत चिकटवतात. सर्वांत लवकरचा सूर्यास्त नोव्हेंबरच्या उत्तरार्धात होतो आणि सर्वांत उशिराचा सूर्योदय जानेवारीच्या उत्तरार्धात, संक्रांत उलटून गेल्यावर, हे गेल्या वर्षी आठवीतील एका मुलीने त्या कात्रणांवरूनच शोधून काढले. संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो असे आजी म्हणते, मग सूर्य अजून उशिरा का उगवतो, हा तिचा प्रश्न होता. त्याचे उत्तर द्यायला मला दोन तासिका आणि पृथ्वीची कक्षा दाखवणारे एक लंबवर्तुळ लागले.

ऑक्टोबरच्या शिक्षण परिषदेत हा तास कोणी ठेवणार असेल, तर आमची काठी, ओळंबा आणि मुलांच्या सावलीच्या नोंदवह्या घेऊन मी जिल्ह्यातील कोणत्याही केंद्रावर स्वखर्चाने येईन.

आपली विश्वासू,
एक माध्यमिक विज्ञान शिक्षिका,
करवीर तालुका, जि. कोल्हापूर